बगळी स्वतःच्या चाकांवर

ट्रक सात वाजता येणार होता. आत्यानं पावणेसहालाच वर्कशॉपचं शटर वर केलं, बगळीच्या चारही टायरांतली हवा तपासली, डिकीत पाण्याचे चार कॅन ठेवले आणि वर राहणाऱ्यांपैकी कुणाला जाग यायच्या आत निघायचं म्हणून किल्ली घेऊन वळली. तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वहिनी बसलेली. पायाशी लहानशी बॅग, डोक्याला पांढरं सुती कापड घट्ट बांधलेलं.

"तुम्ही कुठं निघालात?"

"तुमच्याबरोबर," वहिनी म्हणाली.

"तुमच्या धाकटीच्या गाडीतून जा ना. तिच्या गाडीत एसी आहे."

"माहीत आहे मला."

या दोघींच्या मानानं हे बरंच लांबलचक बोलणं झालं. एका छपराखाली राहून एकतीस वर्षं त्या कामापुरतंच बोलत आल्या होत्या. किल्ली कुठं ठेवली, डॉक्टरांनी किती वाजता बोलावलंय, नळवाला येऊन गेला का. त्यापलीकडचं काही सांगायचं असलं की मध्ये दादा असायचा. एकीचा भाऊ, दुसरीचा नवरा. तो गेल्याला हिवाळ्यात वर्ष झालं होतं, आणि मधली ती जागा रिकामीच राहिली होती.

आत्यानं जास्त हुज्जत घातली नाही. ट्रक यायची वेळ होत आली होती.

बगळी म्हणजे पांढरी, लांब नाकाची, दोन दारांची उघडी गाडी. वरती घडी होणारं कापडी हूड. चारशेतीस किलोमीटरवरच्या, ऐन वाळवंटातल्या मोठ्या हॉटेलच्या पहिल्या मालकानं कधीकाळी ती पाहुण्यांना मिरवायला घेतली होती. पुढं मालक गेला, हॉटेल बंद पडलं आणि गाडी मागच्या आवारात खिडक्यांपर्यंत वाळूत रुतून राहिली. दादानं ती साखळीनं ओढत घरी आणली तेव्हा सीटांमध्ये सरड्यांचा संसार होता. इंजिनाचं दादानं पाहिलं. कापड, कातडं, स्पंज, दोरा, जे जे म्हणून टाक्यानं धरायचं ते सगळं आत्यानं. अकरा वर्षं लागली. हूड तर तिनं तीनदा शिवलं. पहिली दोन तिनंच उसवली, कारण पाणी शिवणीवर थांबत होतं. काम पुरं झालं त्या दिवशी दादानं गाडीच्या कागदांवर बहिणीचं नाव घातलं. का, ते सांगितलं नाही. सगळ्यांनी त्याला भावाची माया म्हटलं. आत्यानंही.

आता नव्या मालकांनी ते हॉटेल पुन्हा उभं केलं होतं, आणि त्यांना बगळी हवी होती. प्रवेशाच्या हॉलमध्ये काचेची खोली तयार होती. इंजिनातलं तेलपाणी काढायचं, चाकांखाली ठोकळे द्यायचे आणि गाडी तिथं कायमची उभी करायची. हे सगळं जुळवून आणलं होतं थोरल्यानं, म्हणजे दादाच्या मुलानं. थोरल्याच्या हातात पाना कधी नीट बसला नाही, पण माणसं बोलती करावीत तर त्यानंच. गाडीच्या बदल्यात हॉटेलच्या सगळ्या वाहनांचा प्रमुख म्हणून त्याला नोकरी मिळणार होती, हॉलमध्ये दादाच्या नावाची पाटी लागणार होती आणि वर्कशॉपला कुलूप लागणार होतं. फक्त सही आत्याची हवी होती.

ती हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. येते, बघते, मग सांगते, एवढंच म्हणाली होती. तिची अडचण ट्रकवरून सुरू झाली. झाकून, बांधून, ट्रकवर चढवून न्यायची ती गाडी नव्हे, ते फर्निचर, असं तिनं रविवारी सगळ्यांदेखत सांगितलं. थोरल्यानं शांतपणे समजावलं. पारा शेहेचाळीसवर आहे, रेडिएटर जुना आहे, मध्ये ऐंशी किलोमीटर चिटपाखरू नाही, तुझा पाय असा. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि म्हणूनच आत्याला जास्त राग आला.

पायाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. एकतीस वर्षांपूर्वी बाहेरगावचं काम उरकून परतताना वर्कशॉपची व्हॅन पुलाच्या कठड्यावर आदळली. दोन दिवस सलग शिवणकाम करून आत्या मागे कातड्याच्या गुंडाळ्यांवर गाढ झोपली होती. तिला जाग आली ती दवाखान्यात, डाव्या गुडघ्यात लोखंडी पट्टी बसल्यावर. ज्याच्याशी तिचं लग्न ठरत होतं तो माणूस दोनदा भेटायला आला, तिसऱ्यांदा आला नाही. व्हॅन वहिनी चालवत होती. पोलिसांच्या कागदात तसं होतं आणि घरातही तसंच होतं. वहिनीनं त्यानंतर कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. आत्यानं तिला माफ केलं नाही, तिच्याशी भांडणही काढलं नाही. नुसतं बोलणं कमी केलं, ते कमीच राहिलं.

पहिले तीन तास मजेचे गेले, जरी दोघींपैकी कुणी तसं कबूल केलं नसतं. हूड खाली होतं, रस्ता मोकळा होता, आणि सकाळचा वारा अजून वाऱ्यासारखा होता. नऊनंतर तो बदलला. भट्टीचं दार कुणी उघडं टाकावं तशी झळ तोंडावर यायला लागली. आत्यानं गाडी थांबवून हूड वर ओढलं, तर आत इतकं उकडलं की पाच किलोमीटरवर पुन्हा खाली केलं. डोक्याची कापडं ओली करायची, ती दहा मिनिटांत खडखडीत वाळायची, मग पुन्हा ओली करायची. हे काम वहिनीनं न सांगता अंगावर घेतलं. आत्याच्या डोक्यावर शेजारून ओलं कापड पडायचं तेव्हा ती मान किंचित मागं न्यायची, बस्स.

शेवटच्या पेट्रोल पंपावरच्या माणसानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, गाडीबरोबर कोण आहे. आत्या म्हणाली, आम्ही. तसं नाही, तो म्हणाला, गाडीबरोबर कोण आहे.

"गाडी आमच्याबरोबर आहे," वहिनी म्हणाली.

आत्याला हसू आवरेना. ते लपवायला ती काच पुसत बसली. तोवर थोरल्याचे सात फोन येऊन गेले होते. आठवा वहिनीनं घेतला, आम्ही ठीक आहोत म्हणाली आणि तो बोलत असतानाच ठेवून दिला.

चढ सुरू झाला तो दोनशे किलोमीटरनंतर. फार मोठा नव्हता, पण संपत नव्हता. बगळीच्या तापमानाचा काटा आधी मध्याच्या पुढं सरकला आणि मग तांबड्या पट्टीकडं निघाला. आत्या गाडी कडेला घ्यायला लागली.

"थांबू नका," वहिनी म्हणाली. "हिटर लावा."

"काय लावू?"

"हिटर. पुरता. पंखापण."

आत्यानं तिच्याकडं पाहिलं. ऊन डोक्यात गेलं की काय, असं तिच्या मनात आलं. तेव्हा वहिनीनं स्वतःच हात पुढं करून दोन्ही बटणं फिरवली. पायांवर असा लोट आला की आत्याच्या तोंडून शिवी निघाली. पण इंजिनाची उष्णता आत ओढली गेली आणि दोन मिनिटांत काटा अडखळला, थांबला, मग हळूहळू मागं आला. वर पोचेपर्यंत दोघींच्या पोटऱ्या भाजून निघाल्या होत्या आणि बगळी मात्र शांतपणे घुमत होती.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"बाबांनी. मिठाचा ट्रक होता त्यांचा. असल्याच रस्त्यांवरून."

वहिनीच्या वडिलांचा ट्रक होता हे आत्याला ठाऊक होतं. पण सोळाव्या वर्षापासून लग्नापर्यंत तो ट्रक दिवसाआड वहिनीच चालवत होती, कारण वडिलांना एका डोळ्यानं कमी दिसायचं, हे तिला आज कळलं. घरात कधी कुणी विचारलं नव्हतं.

चढ उतरल्यावर आत्याचा गुडघा आखडला. क्लच दाबायला पाय उचलेना. रस्त्याच्या कडेला अंतर दाखवणारी एक मोठी पाटी होती आणि तिची सावली, एवढाच काय तो आडोसा. आत्या त्या सावलीत गाडी लावून मुठीनं गुडघा चोळत राहिली. तिला रडू येत होतं ते दुखण्यानं कमी आणि थोरला बरोबर ठरला म्हणून जास्त. ट्रक मागूनच येत असणार होता, रिकामा. त्याला हात करून थांबवायचं आणि बगळीला वर चढवायचं, दुसरं काही तिला दिसत नव्हतं.

वहिनी उतरली, गाडीला वळसा घालून चालकाच्या दाराशी आली.

"सरका," ती म्हणाली.

आत्या सरकली. का सरकली ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. वहिनीनं सीट दोन बोटं पुढं घेतली, आरसा आपल्या उंचीला लावला, क्लच एकदा नुसताच दाबून त्याचा अंदाज घेतला आणि बगळी अशी उचलली की गिअर पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

आत्याचा जन्म सीटा शिवण्यात गेला होता. सीट कुठं झिजली आहे ते पाहून ती माणूस ओळखायची. कोण घाबरून पुढं वाकतो, कोण एका कुशीवर रेलतो, कुणाला झोप येते. वहिनीची पाठ सीटला सरळ टेकलेली होती, खांदे सैल होते आणि नजर लांब रस्त्यावर होती. दहा-दहा तास गाडी हाकणारी माणसं अशी बसतात. समोरून येणाऱ्या टँकरनं वाळूचा लोट उडवला तेव्हा तिनं वेग कमी केला नाही की हात हलवला नाही. लोटाच्या पलीकडं रस्ता कुठं वळतो ते तिनं आधीच पाहून ठेवलं होतं. आत्या बराच वेळ पाहत राहिली. असं चालवणारी बाई पुलाच्या कठड्यावर आदळेल, हे तिला पटेना.

"वहिनी, त्या दिवशी व्हॅन कोण चालवत होतं?"

वहिनीनं वळण पूर्ण घेतलं. गाडी सरळ झाल्यावर म्हणाली, "हे."

मग ती सांगत गेली, रस्त्यावरची नजर न काढता. दादाही दोन दिवस झोपला नव्हता. तिनं तीनदा म्हटलं, मी घेते, तो नको म्हणाला. पुलाच्या आधी त्याचा डोळा लागला. आदळल्यावर पहिल्यांदा तो आत्याकडंच धावला होता, हेही तिनं सांगितलं. ते लपवायचं तिला काही कारण नव्हतं. दवाखान्याच्या ओसरीवर तो म्हणाला, माझं लायसन गेलं तर वर्कशॉप गेलं, दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी मला रस्त्यावर चालवून बघावी लागते, तुझं गेलं तर कुणाचं काही अडत नाही. तिनं पोलिसांना सांगितलं, मी चालवत होते.

"पोलिसांचं मला समजलं," आत्या म्हणाली. "घरात?"

"घरात ते सांगतील असं वाटलं होतं. मग एकदा जेवताना थोरल्यानं काहीतरी विचारलं, आणि हे म्हणाले, तुझ्या आईच्या हातात गाडी दिली ही माझी चूक. थोरला पंधरा वर्षांचा होता. मी पाणी आणायला उठले."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला भाऊ एकच होता, वन्सं." वहिनीनं आरशात मागचा रस्ता पाहिला. "पुढं राग यायचा. मग रागाचीही सवय झाली."

पुढचे वीस किलोमीटर आत्या बाहेर बघत बसली. बाजूला दगड, वाळू, पुन्हा दगड. गाडीच्या कागदांवरचं आपलं नाव तिला आठवलं आणि ती माया होती की दुसरंच काही, हे आता कुणाला विचारणार, असं वाटलं. भावावर चिडावं तर तो समोर नव्हता. वहिनीची माफी मागावी तर एवढ्या वर्षांना पुरेल असा शब्द तिच्याकडं नव्हता. शेवटी तिनं कॅनमधल्या पाण्यानं कापड भिजवलं आणि वहिनीच्या डोक्यावर नीट, कडा दुमडून ठेवलं.

त्या तीन वाजता पोचल्या. ओळीनं लावलेल्या खजुराच्या झाडांमधून बगळी पोर्चमध्ये शिरली तेव्हा दुसऱ्या रस्त्यानं आधी येऊन पोचलेला थोरला पायऱ्यांवरच उभा होता. कडेला त्याची बहीण, धाकटी. ती हाडांच्या दवाखान्यात रोग्यांना व्यायाम शिकवायची, आणि या प्रवासाच्या बाबतीत ती पहिल्यापासून भावाच्या बाजूनं होती. चालकाच्या दारातून आई उतरताना पाहून थोरला दोन पायऱ्या खाली येऊन थांबला. धाकटीनं मात्र एका हातानं आईची नाडी धरली, दुसऱ्या हातानं आत्याची, आणि दोघींनाही लहान पोरांसारखं बोलून वर खोलीत पिटाळलं.

खोली एकच होती, पलंग दोन. गारवा असा की आधी शहारे आले. आत्या आंघोळ करून आली तेव्हा टबात पायलीभर वाळू होती. ती ओंजळीनं काढू लागली, तर वहिनी म्हणाली, राहू द्या, हॉटेल त्यांचं, वाळूही त्यांचीच. आत्या पलंगाच्या कडेला बसून पुन्हा हसली, आणि या खेपेला लपवलं नाही. मग दोघी पडद्याआडच्या त्या खोट्या अंधारात तासभर झोपल्या. वहिनी घोरते हे आत्याला पहिल्यांदा कळलं.

पाच वाजता सगळे हॉलमध्ये जमले. उन्हं अजून उंच खिडक्यांतून आत येत होती. हॉटेलचा व्यवस्थापक, मालकांपैकी दोघंजण, एक फोटोवाला. काचेची खोली खरोखर सुंदर होती. आत चार ठोकळे मांडून ठेवलेले, आणि शेजारी पितळी पाटी. वर दादाचं नाव, वर्कशॉपचं नाव, आणि खाली एकच ओळ: वाळूत गाडलेली ही गाडी यांनी एकहाती पुन्हा उभी केली.

आत्यानं ती ओळ दोनदा वाचली. व्यवस्थापक मोठ्या अदबीनं कागद आणि पेन घेऊन पुढं आला. तिनं त्याला विचारलं, इंजिनातलं पाणी कधी काढणार. उद्याच, तो म्हणाला. आणि पुन्हा कधी चालू करणार? तो हसला, आणि याची गरज पडणार नाही, असं म्हणाला.

"एकहाती कुणी लिहिलं?" आत्यानं थोरल्याला विचारलं.

थोरला तिला बाजूला घेऊन गेला. बाजूला म्हणजे चारच पावलं, सगळ्यांना ऐकू येत होतं. त्यानंच लिहिलं होतं, आणि मनापासून लिहिलं होतं. बाबांसाठी एवढं तरी करावं, असं त्याला वाटत होतं. वर्कशॉप आपल्याच्यानं चालत नाही हे त्याला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. वर्षभर त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, आत्ता सांगितलं. आत्या ऐकून घेत होती, आणि तिला त्याची दयाही आली. पण त्याला सकाळपासूनची भीती आवरत नव्हती, आणि ती शेवटी भलत्याच वाटेनं बाहेर पडली.

"आज तुम्ही दोघी मेला असतात," तो म्हणाला. "आणि गाडी तू आईच्या हातात दिलीस? तू? आरशात पाय बघतेस ना रोज?"

कडेच्या खुर्चीवर बसलेल्या वहिनीनं नेहमीप्रमाणे मान खाली घातली. ती मान अशी खाली जाताना आत्यानं एकतीस वर्षं पाहिली होती आणि त्याला कबुली समजत आली होती.

"व्हॅन तुझा बाप चालवत होता," आत्या म्हणाली. "मी झोपले होते, आणि त्यालाही झोप लागली. तुझ्या आईनं आपल्या नावावर घेतलं, कारण त्याच्या लायसनवर आपण सगळे जेवत होतो. मला आज कळलं. तुला आत्ता कळतंय."

थोरल्यानं आईकडं पाहिलं. ती हो म्हणाली. एवढंच म्हणाली, पण मान वर करून.

धाकटी इतका वेळ भावाच्या शेजारी उभी होती. तिनं एक खुर्ची उचलली, आईच्या खुर्चीला लावून ठेवली आणि तिच्यावर बसली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

आत्या व्यवस्थापकाकडं वळली. तिनं त्याला सरळ सांगितलं: गाडी तुम्हाला देते. पण ती चालली पाहिजे, पाहुण्यांना घेऊन जायला, आणायला, कशालाही. आणि पाटीवर तिघंजण पाहिजेत. ज्यानं इंजिन केलं तो, जिनं शिवलं ती, आणि जिच्यामुळं वर्कशॉपचं दार उघडं राहिलं ती. व्यवस्थापकानं मालकांकडं पाहिलं, मालकांनी काचेच्या खोलीकडं. पाटी बदलता येईल, तो म्हणाला, पण गाडी बाहेर काढणं शक्य नाही. सगळी रचनाच तशी झालेली आहे.

आत्यानं पेनाला टोपण लावलं आणि त्याच्या हातात परत दिलं.

"मग नको," ती म्हणाली.

थोरला हॉलमधून निघून गेला. जेवायलाही खाली आला नाही. धाकटी त्याच्या दारावर दोनदा जाऊन आली. नोकरीचं आता खरं नाही, असं तो दाराआडूनच म्हणाला, एवढं तिनं येऊन सांगितलं. वहिनी अस्वस्थ होती, पण उठली नाही. त्याला त्याच्या बापाशी जरा एकट्यानं भांडू दे, असं म्हणाली.

सकाळी उजाडता उजाडता दोघी खाली आल्या तेव्हा तो बगळीत बसला होता, चालकाच्या शेजारच्या सीटवर. दाढी वाढलेली, कालचेच कपडे. आत्या चार पावलं मागं थांबली. वहिनी दाराशी गेली.

"बाबा खोटारडे होते का?" त्यानं विचारलं.

"घाबरले होते," वहिनी म्हणाली. "घाबरलोय हे सांगायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तू तरी शिक."

तो समोरच्या लांब पांढऱ्या बॉनेटकडं पाहत म्हणाला, की पंधराव्या वर्षापासून तो आईच्या शेजारी बसून कुठंही गेला नव्हता. बसमध्येसुद्धा मुद्दाम मागची जागा घ्यायचा. हे तिच्या लक्षात आलं होतं का? वहिनी म्हणाली, आलं होतं. त्याच्या खांद्यावर पडलेली वाळू तिनं हातानं झटकली.

"नोकरी गाडीशिवाय मागून बघ," ती म्हणाली. "तुला माणसं सांभाळता येतात, ते काही काचेत ठेवायचं काम नाही. दिली तर तुझी. नाही दिली तर ये. वर्कशॉप आता तुझी आत्या बघेल, ती तुला पाना धरायला लावणार नाही."

"झाडू धरायला लावीन," आत्या म्हणाली.

थोरला उतरला. आत्याला वाटलं तो आता निघून जाईल, पण त्यानं वळसा घातला, पलीकडचं दार उघडलं आणि आई बसेपर्यंत धरून ठेवलं. आत्याकडं त्यानं पाहिलं नाही. तिच्यावरचा त्याचा राग अजून होता, आणि तो एका सकाळीत जाण्यातला नव्हता. आत्यानं ते मान्य केलं. पायऱ्यांवरून धाकटीनं ओरडून गुडघ्याचे व्यायाम सांगितले, दर तासाला उतरून वीस वेळा, मोजून. आत्यानं हात हलवला, म्हणजे करणार नाही.

खजुरांच्या रांगेतून बगळी हमरस्त्याला लागली. तिथं एक मोठी कमान होती. डावीकडं घर, आणि उजवीकडं तो रस्ता, ज्याच्या पलीकडच्या टोकाला म्हणे समुद्र होता. आत्या तिकडं कधी गेली नव्हती. जायचं कुणी काढलंच नव्हतं.

वहिनीनं उजवा सिग्नल दिला.

"घर डावीकडं आहे," आत्या म्हणाली.

"माहीत आहे मला."

आत्यानं मागं वळून पाहिलं. पोर्चमध्ये दोन्ही मुलं अजून उभी होती, लहान लहान होत चाललेली. मग तिनं सीट मागं ढकलली, चपला काढल्या आणि आखडलेला पाय लांब करून पुढच्या फळीवर ठेवला. वहिनीनं तिसरा गिअर टाकला, मग चौथा, आणि वाऱ्याचा आवाज एवढा वाढला की पुढं कुणाला काही बोलायची गरजच उरली नाही.